बिल्ड हिरवा, इम्पोर्ट लाल: सीमेकने भलताच पायथन धरल्याचं एक प्रकरण

सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली एक मध्यम आकाराची लायब्ररी, तिच्यावर पायबाइंड११ (सी प्लस प्लसचा कोड पायथनमधून वापरता यावा यासाठीचं साधन) वापरून चढवलेलं पायथनचं आवरण, आणि बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणाऱ्या फाइली बनवण्यासाठी, सीमेक. टीम छोटी. एक जण उबुंटूवर, एक जण मॅकवर, एक जण विंडोजवर, आणि सर्व्हरवर आपोआप होणारा बिल्ड चौथा. कोड एकच, सीमेकची फाइल एकच, आणि चारही ठिकाणी वेगवेगळी रडगाणी. उबुंटूवर बिल्ड एकदम हिरवागार, पण पायथनमध्ये इम्पोर्ट केलं की "असं मॉड्यूलच नाही". मॅकवर इम्पोर्ट करताच आख्खा इंटरप्रिटर धाडकन बंद. विंडोजवर बिल्ड अर्ध्यात मेलेला, त्रुटीचा कोड ९००९. आणि सर्व्हरवर तर कॉन्फिगरच्या, म्हणजे मशीनवर काय कुठे आहे ते आधी शोधायच्या, पायरीलाच नकार. टीमचं मत असं पडलं की चार वेगळे बग आहेत, चार दिशांनी शोधायला सुरुवात झाली, आणि म्हणूनच हे इतकं लांबलं. मला हे बघायला बोलावलं तेव्हा मुळात प्रश्न एकच निघाला: "पायथन शोध" असं बिल्ड सिस्टिमला सांगितलं, पण कुठला ते सांगितलंच नाही.

आधी थोडं मूळ समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं जादूटोणा वाटेल. सीमेक पायथन शोधतं म्हणजे एक गोष्ट शोधत नाही, तीन शोधतं. पहिला इंटरप्रिटर, म्हणजे चालवता येणारी फाइल. दुसऱ्या हेडर फाइली, ज्यांच्याशिवाय सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन, म्हणजे पायथनमध्ये इम्पोर्ट करायचं मॉड्यूल, कंपाइलच होत नाही. तिसरी पायथनची लायब्ररी, जी कधी लागते आणि कधी मुळीच लागत नाही, आणि नको तिथे जोडली की घात करते. या तिन्ही एकाच पायथनच्या असायला हव्यात. पण प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम त्या वेगवेगळ्या जागी ठेवते, डेबियन-उबुंटूवर हेडर वेगळ्या डेव्ह पॅकेजात असतात, मॅकवर सगळं फ्रेमवर्क नावाच्या फोल्डरात असतं, विंडोजवर पत्ता रजिस्ट्रीत लिहिलेला असतो. त्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन) म्हणजे नुसता वरचा मुखवटा, आत इंटरप्रिटरची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) किंवा कॉपी आणि पॅकेजांचं फोल्डर, खरे हेडर मूळ इन्स्टॉलेशनमध्येच. त्यामुळे फोल्डरचा अंदाज बांधून हेडर शोधायला गेलात की फसलात, इंटरप्रिटरलाच विचारावं लागतं की बाबा तुझे हेडर कुठेत, आणि त्यासाठी पायथनमध्येच सिसकॉन्फिग नावाचं मॉड्यूल आहे.

सीमेकमध्ये जुन्या काळी दोन वेगळी मॉड्यूल होती, एक इंटरप्रिटर शोधायचं आणि एक लायब्ररी. दोघं एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत, म्हणून इंटरप्रिटर ३.६ चा आणि हेडर २.७ चे असले प्रकार सर्रास व्हायचे. २०१८ मध्ये ३.१२ आवृत्तीत फाइंडपायथन हे एकत्रित मॉड्यूल आलं आणि जुनी दोन्ही निवृत्तीच्या यादीत गेली. (सीमेकची ३.१२ आणि पायथनची ३.१२ असे दोन्ही आकडे या लेखात येणार आहेत, गोंधळू नका, इलाज नाही.) आमच्या प्रोजेक्टमध्ये नवं मॉड्यूलच वापरलेलं होतं, त्यामुळे सगळे निर्धास्त.

उबुंटू: आकडा मोठा दिसला की तोच

उबुंटू २२.०४ वर सोबत येणारा पायथन ३.१०. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट त्याचीच. पण त्या मशीनवर दुसऱ्या कामासाठी पायथन ३.१२ सुद्धा टाकलेला होता, हेडरसकट. सीमेक पिपने (पायथनची पॅकेजं घालणारं साधन) घातलेलं, ताजं. एन्व्हायर्नमेंट चालू करून बिल्ड केला, झाला. बिल्डच्या फोल्डरात जाऊन फाइल बघितली तर नावाच्या शेपटीत "सीपायथन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू.एसओ". तिथेच सगळं उघड होतं खरं तर, कारण ३.१० चा इंटरप्रिटर ३१२ वाली शेपटी ओळखतच नाही, त्याच्या लेखी ती फाइल मॉड्यूलच नव्हे, म्हणून तो शांतपणे "मॉड्यूल सापडलं नाही" म्हणतो. आवृत्ती चुकली असं म्हणत नाही. लोक मग पाथ तपासत बसतात, फाइल तर समोर दिसतेय, मग सापडत का नाही म्हणून डोकं आपटत बसतात.

पण एन्व्हायर्नमेंट चालू असताना सीमेकने ३.१२ का उचलला? इथे गंमत आहे. फाइंडपायथनकडे शोधायच्या दोन पद्धती आहेत. एक "आवृत्ती" पद्धत: सगळीकडे बघ आणि सगळ्यात नवा जो असेल तो घे. दुसरी "जागा" पद्धत: ठरलेल्या क्रमाने बघत जा, पहिला चालण्यासारखा मिळाला की थांब. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटला अग्रक्रम द्यायचा ही सीमेकची डिफॉल्ट सेटिंग आहे हे खरं, पण पहिल्या पद्धतीत हा अग्रक्रम एकाच आवृत्तीपुरता चालतो. म्हणजे आधी ३.१२ कुठे आहे का बघ, एन्व्हायर्नमेंटमध्ये नाही, मग सिस्टिममध्ये बघ, आहे! झालं, घेतला. एन्व्हायर्नमेंटमधल्या ३.१० चा नंबर लागायच्या आधीच खेळ खलास.

आणि कुठली पद्धत लागू होणार हे ठरवतं कोण, तर फाइलच्या सगळ्यात वरची ओळ, किमान सीमेक आवृत्ती सांगणारी. ती ओळ बहुतेकांना नुसती पाटी वाटते, "याहून जुनं असेल तर चालणार नाही" एवढीच. पण सीमेक त्या आकड्यावरून जुनी वागणूक ठेवायची की नवी ते ठरवतं. जागा पद्धत ३.१५ पासून आली, सीएमपी००९४ या पॉलिसीखाली (पॉलिसी म्हणजे जुनी की नवी वागणूक हे ठरवणारा सीमेकचा क्रमांक दिलेला नियम). वरच्या ओळीत ३.१५ किंवा पुढचा आकडा असेल तर जागा पद्धत, त्याच्या आधीचा असेल तर जुनी आवृत्ती पद्धत, मशीनवर सीमेक कितीही ताजं असू दे. आमच्या फाइलीत होतं ३.१२. कोणीतरी बरोबर विचार करून लिहिलेलं, कारण नवं मॉड्यूल ३.१२ पासूनच मिळतं ना. एका आकड्याने सगळं फिरलं.

अजून एक बारीक गोष्ट, तिने शोध बराच भरकटवला. सीमेकच्या आत पायथनच्या माहीत असलेल्या आवृत्त्यांची चक्क हाताने लिहिलेली यादी असते. म्हणजे जुनं सीमेक असेल तर त्याच्या जन्मानंतरचा पायथन त्याला आवृत्ती म्हणून माहीतच नसतो. टीममधल्या एकाने उबुंटूच्या सोबत येणारं ३.२२ वालं सीमेक वापरून बघितलं तर बिल्ड चक्क बरोबर निघाला, ३.१० उचलला, आणि निष्कर्ष निघाला की "नव्या सीमेकमध्ये बग आहे". बग कसला, जुन्याला पायथन ३.१२ ठाऊकच नव्हता.

मग मदतीला जुनी उत्तरं शोधली गेली. त्यात सांगितलं होतं की कमांडवर पायथन एक्झिक्युटेबल नावाचं व्हेरिएबल द्या. दिलं. काही फरक नाही. कारण या व्हेरिएबलची तीन रूपं आहेत आणि सीमेक कॅपिटल-स्मॉल पाळतं: जुन्या मॉड्यूलसाठी पायथन हा आख्खा शब्द कॅपिटलमध्ये, नव्यासाठी फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, आणि कोडमध्ये फाइंडपायथन३ बोलावलं असेल तर नावापुढे ३ सुद्धा हवा. आमच्या फाइलीत तिसरं होतं, दिलं पहिलं. सीमेक अशा वेळी थांबत नाही. कॉन्फिगरच्या अगदी शेवटी एक इशारा देतं की हाताने दिलेली अमुक व्हेरिएबल प्रोजेक्टने वापरली नाहीत, आणि त्या वेळी आपण "झालं" बघून पुढच्या कमांडवर गेलेलो असतो. माझं स्पष्ट मत आहे की हा इशारा नव्हे, ही त्रुटी असायला हवी होती.

मॅक: आवृत्ती तीच, पायथन दुसरा

मॅकचं प्रकरण सगळ्यात चिवट, कारण तिथे शेपटी बरोबर होती. सीपायथन-३११-डार्विन. एन्व्हायर्नमेंटही ३.११ ची. तरी इम्पोर्टला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत भलत्या जागी हात घातल्याने होणारा क्रॅश.

त्या मॅकवर दोन ३.११ होते. एक होमब्रूचा (मॅकवर सॉफ्टवेअर घालायचं साधन), ॲपलच्या नव्या चिपवर तो ऑप्ट होमब्रू फोल्डरात बसतो, आणि दुसरा पायथनच्या अधिकृत साइटवरून उतरवलेला, जो मुख्य लायब्ररी फोल्डरातल्या फ्रेमवर्क्समध्ये जाऊन बसतो. शिवाय ॲपलच्या कमांड लाइन टूल्समधला तिसरा, त्याला आत्ता बाजूला ठेवू. एन्व्हायर्नमेंट होमब्रूवाल्यापासून बनवलेली. पण ती चालू न करता, तिच्यातल्या पायथनचा पूर्ण पाथ देऊन काम करायची मॅकवालीला सवय. सवय वाईट नाही, मीही तसंच करतो. फक्त सीमेकला एन्व्हायर्नमेंट कळते ती व्हर्च्युअल एन्व्ह या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून, आणि ते सेट होतं फक्त ॲक्टिव्हेट केल्यावर. शिवाय एडिटरचं सीमेक एक्स्टेन्शन फोल्डर उघडलं की आपलं आपण कॉन्फिगर करून टाकतं, टर्मिनलमध्ये काय चालू आहे त्याचा त्याला पत्ता नसतो, आणि एकदा सापडलेला पायथन बिल्ड फोल्डरच्या कॅशमध्ये जाऊन बसला की नंतर एन्व्हायर्नमेंट चालू करा नाहीतर काहीही करा, तो हलत नाही. मॅकवर सीमेक फ्रेमवर्कना आधी बघतं हेही डिफॉल्ट. तर सापडला तो साइटवरचा.

एवढ्यानेही खरं तर निभावलं असतं, दोन्ही ३.११ आहेत, एबीआय (कंपाइल झालेल्या तुकड्यांची एकमेकांशी बोलायची पद्धत) तोच. पण सीमेकच्या फाइलीत कोणीतरी एक जादा ओळ घातली होती, मॉड्यूलला पायथनची लायब्ररी लिंक करणारी. पायबाइंडचं स्वतःचं फंक्शन हे बरोबर हाताळतं: मॅकवर आणि लिनक्सवर लायब्ररी जोडत नाही, लिंकरला सांगतं की पायथनची नावं आत्ता सापडली नाहीत तरी चालेल, जो इंटरप्रिटर हे मॉड्यूल उघडेल त्याच्यात ती असतीलच. विंडोजवर मात्र जोडावीच लागते. बहुधा विंडोजवर कधीतरी लिंकिंगची अडचण आली असणार आणि ती सोडवायला ही ओळ सगळ्यांसाठीच घातली गेली असणार.

ओटूल चालवून मॉड्यूल कशाकशाशी जोडलंय ते बघितलं. पहिल्याच दोन-तीन ओळींत साइटवाल्या फ्रेमवर्कचा पूर्ण पाथ. चालवणारा इंटरप्रिटर होमब्रूचा, म्हणजे त्याचं पायथन आधीच मेमरीत. मॉड्यूल उघडलं की ते सोबत दुसरं पायथन ओढून आणतं. एका प्रोसेसमध्ये दोन पायथन, आणि दुसरं कधी सुरूच केलेलं नाही, त्याची थ्रेडची स्थिती रिकामी. मॉड्यूलने त्या दुसऱ्याला पहिला प्रश्न विचारला की संपलं. एकाच आडनावाची चार घरं असलेल्या वाडीत पोस्टमनला नुसतं "पाटलांकडे द्या" म्हणून पाकीट दिल्यासारखं झालं हे.

ती एक ओळ काढली, तेवढ्यावर क्रॅश गेला. मुळात चुकीचा पायथन सापडतोय हा प्रश्न तसाच होता, पण आता तो मॅकवर निरुपद्रवी झाला होता, आणि असल्या वेळी लोक "सुटला" म्हणून मोकळे होतात.

विंडोज आणि सर्व्हर

विंडोजचं पटकन उरकतो. बिल्डमध्ये एक पायरी होती जी पायथनची छोटी स्क्रिप्ट चालवून सी प्लस प्लसचा एक तक्ता तयार करायची, आणि त्या पायरीत कमांड म्हणून सरळ "पायथन" एवढंच लिहिलेलं. फाइंडपायथनला काय सापडलं त्याच्याशी काही संबंध नाही. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) पायथन नावाची एक पोकळ फाइल असते, शून्य बाइटची, जी खऱ्या पायथनऐवजी मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा रस्ता दाखवते. स्क्रिप्ट द्यायला गेलं की "पायथन सापडला नाही" म्हणते आणि ९००९ परत करते. खरा पायथन इन्स्टॉल होता, रजिस्ट्रीत नोंद होती, फाइंडपायथनला तो व्यवस्थित सापडलाही होता, फक्त पाथमध्ये नव्हता कारण इन्स्टॉलरमधली ती चौकट डिफॉल्टने रिकामी असते आणि कोणी टिक करत नाही.

मग ही पायरी बाकीच्यांकडे कशी चालत होती? उबुंटूवर एन्व्हायर्नमेंट चालू असल्यामुळे तिच्यातला पायथन मिळत होता, म्हणजे तक्ता बनवला ३.१० ने आणि मॉड्यूल बनलं ३.१२ साठी, एकाच बिल्डमध्ये! मॅकवालीने कधीकाळी पायथन नावाची सिमलिंक हाताने करून ठेवली होती. ॲपलने मॅकओएस १२.३ मध्ये, २०२२ साली, जुना २.७ काढून टाकला तेव्हापासून नुसता "पायथन" तिथे नसतोच. उबुंटूवर पण २०.०४ पासून नुसत्या नावाने काही मिळत नाही. थोडक्यात, आकडा न लावता पायथन लिहिणं तिन्ही सिस्टिमवर बेभरवशाचं, आणि तरी दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये ते सापडतं.

सर्व्हरवरचा बिल्ड मेनीलिनक्सच्या कंटेनरात होता, म्हणजे बहुतेक लिनक्सवर चालतील अशी पायथन पॅकेजं बांधायच्या तयार वातावरणात. तिथे पायथनच्या पाच-सहा आवृत्त्या ऑप्ट पायथन फोल्डरात ओळीने मांडलेल्या असतात, पण पायथनची शेअर्ड लायब्ररी मुद्दाम ठेवलेली नसते, कारण एक्स्टेन्शनने ती जोडूच नये. आमची फाइल मागत होती "डेव्हलपमेंट" हा आख्खा गठ्ठा, ज्यात लायब्ररीही आली, म्हणून सीमेक म्हणायचं पायथन सापडला नाही. समोर पाच-सहा पायथन आणि "सापडला नाही"! यासाठीच सीमेक ३.१८ मध्ये हा गठ्ठा दोन भागांत फोडला: एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांसाठी "मॉड्यूल", आणि स्वतःच्या प्रोग्राममध्ये पायथन बसवणाऱ्यांसाठी "एम्बेड". आपण पहिल्या गटातले. ती जादा लिंकिंगची ओळ आणि ही मागणी, दोन्ही एकाच गैरसमजातून आलेल्या.

काय बदललं

किमान आवृत्ती ३.१८. त्यासोबत जागा पद्धत आपोआप लागू झाली. पायथनची मागणी एकाच ठिकाणी, एकाच कॉलमध्ये, इंटरप्रिटर आणि डेव्हलपमेंटचा मॉड्यूल भाग एकत्र, कारण वेगवेगळ्या कॉलमध्ये मागितले तर दोन्ही एकाच पायथनचे असतील याची हमी नाही. आणि तो कॉल पायबाइंडला बोलवायच्या आधी, म्हणजे तेही हेच उत्तर वापरतं, स्वतःचा जुना शोध लावत नाही. स्क्रिप्ट चालवणाऱ्या पायरीत नुसत्या पायथनऐवजी फाइंडपायथनने दिलेला इंटरप्रिटर.

पण याहून महत्त्वाचा बदल म्हणजे सीमेक थेट चालवणं बंद केलं. आता सगळे जण पिप इन्स्टॉल करतात आणि मध्ये सायकिट-बिल्ड-कोअर आहे. त्याचं काम साधं आहे, पिप ज्या इंटरप्रिटरखाली चालतोय त्याचा पूर्ण पाथ ते सीमेकला देतं, आणि व्हेरिएबलच्या त्या तिन्ही स्पेलिंगांत देतं, मग प्रोजेक्टने कुठलं का वापरलेलं असेना. शोधायचा प्रश्नच राहत नाही. ज्या पायथनला हे मॉड्यूल उद्या इम्पोर्ट करायचंय तोच आज बिल्ड करवतोय. मॅकवालीची पूर्ण पाथ द्यायची सवय इथे उलट कामाला आली.

आणि कॉन्फिगरमध्ये एक छोटी तपासणी घातली. सापडलेल्या इंटरप्रिटरला चालवून त्याचा पाथ, त्याचं मूळ इन्स्टॉलेशन आणि मॉड्यूलची शेपटी छापायची, आणि एन्व्हायर्नमेंट चालू असून इंटरप्रिटर तिच्याबाहेरचा निघाला तर तिथेच थांबायचं. यावर टीममध्ये थोडी वादावादी झाली, एकाचं म्हणणं की कोणाला मुद्दाम बाहेरचा वापरायचा असेल तर? असेल तर त्याने तसा फ्लॅग द्यावा. इम्पोर्टच्या वेळी कोड्यात बोलणाऱ्या त्रुटीपेक्षा कॉन्फिगरला आलेला रोखठोक नकार कितीतरी स्वस्त.

बेझल या बिल्ड साधनासारखं करावं का, म्हणजे ठरलेल्या आवृत्तीचा पायथन बिल्डनेच उतरवून घ्यायचा आणि मशीनवरच्याकडे बघायचंच नाही, यावरही बोलणं झालं. मोठ्या कंपनीत, जिथे पायथन शेवटी कोणाच्या मशीनवर चालणार हेही तुमच्याच हातात असतं, तिथे मला ते योग्य वाटतं. पण ही लायब्ररी लोक आपापल्या पायथनमध्ये घालणार, त्यांचा पायथन टाळून कसं भागेल. मेसॉन या आणखी एका बिल्ड साधनाची पद्धत मला जास्त पटते, त्याला नाव दिलं नाही तर मेसॉन स्वतः ज्या पायथनवर चालतंय तोच घेतं, अंदाज बांधत बसत नाही. ऑटोमेक या जुन्या साधनामध्ये तर फार पूर्वीपासून पायथन नावाचं व्हेरिएबल कॉन्फिगरला दिलं की विषय संपतो. सीमेकसाठी फक्त हे एवढं लांबून यावं लागलं.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. सबमॉड्यूल म्हणून (दुसऱ्या प्रोजेक्टची प्रत आपल्या कोडमध्ये ठेवून) घेतलेल्या एका जुन्या लायब्ररीच्या सीमेक फाइलीत अजून जुनंच इंटरप्रिटर शोधणारं मॉड्यूल आहे. सीमेक ३.२७ पासून ते सीएमपी०१४८ खाली काढून टाकल्यात जमा आहे, पण त्या लायब्ररीची किमान आवृत्ती जुनी असल्यामुळे पॉलिसी जुनीच लागते आणि ते अजून चालतं, इशारे देत देत. तिथे मिळणारा पायथन फक्त तिच्या चाचण्यांसाठी लागतो आणि चाचण्या आम्ही बंद ठेवल्यात, म्हणून आत्ता त्रास नाही. दुरुस्ती करून मूळ प्रोजेक्टला पाठवलीय, त्यांनी घेतली की आमची प्रत बदलू, तोवर त्या चाचण्यांचा फ्लॅग कोणी चालू करू नये म्हणून फाइलीत मोठी कमेंट टाकून ठेवलीय.